पंधराशे चाळीस किलो

हॉलंडच्या उत्तरेला, द्रेंथ प्रांतातील एका खेड्याबाहेर, धान्याचे एक गोदाम आहे. त्याच्या फाटकाशी गाड्या तोलण्याचा वजनकाटा आहे. त्या काट्यावर गॅरेल्ट वुब्स या गृहस्थाने एकतीस वर्षे नोकरी केली. त्याचे वडील दलदलीतील जळाऊ माती खणून विकत असत, आणि व्यापारी त्यांचे माप नेहमी कमी धरीत. ते पाहून आपण तोलण्याचे काम पत्करले, असे गॅरेल्ट सांगत असे. त्याने लग्न केले नाही. बारा वाजता तो पाव आणि चीज खाई. अंदाजे आकडा त्याने कधी चिठ्ठीवर लिहिला नाही, मित्रासाठीही नाही. गाडी काट्यावर उभी राहिली की तो खिडकीतून विचारी, "सगळे उतरले का?" आणि होकार आल्यावाचून आकड्याकडे पाहत नसे.

त्याच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, एप्रिल महिन्यातील एका शनिवारी सकाळी, हिलिग्ये आपली कॅराव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढायचे चाकांवरचे घर, घेऊन तेथे आली. ती आणि गॅरेल्ट एका शाळेत शिकलेले होते. तिचा नवरा लॅमर्ट मागील सप्टेंबरात समुद्रकाठच्या तंबूतळावर, त्याच कॅराव्हॅनच्या मागच्या पलंगावर, झोपेत वारला होता. तेव्हा कॅराव्हॅन त्याच्या भावाने ओढून घरी आणली होती. हिलिग्येने ती आजवर कधीच ओढली नव्हती.

"संध्याकाळी सहाच्या आत पोचले नाही तर तळावरची आमची जागा दुसऱ्या कुटुंबाला देणार आहेत," ती गाडीतून उतरत म्हणाली. "सत्तावीस वर्षांची जागा आहे, गॅरेल्ट. आणि दीर म्हणतो, तुझं साधं लायसन्स, तुला ओढता यायचीच नाही. म्हणून मी निम्मं सामान घरी ठेवलं. हलकी असली तर चालेल ना?"

"चूक करतेस. सगळे हीच चूक करतात," गॅरेल्ट म्हणाला. "लायसन्सला खरं वजन कळत नाही. ते कागद बघतं. आण दोन्ही कागद."

त्याने चष्मा लावून दोन्ही कागदांवरील कमाल वजने वाचली. मोटारीचे एकोणीसशे नव्वद, कॅराव्हॅनचे पंधराशे. साध्या लायसन्सची मर्यादा साडेतीन हजारांची, आणि बेरीज तिच्या आत दहा किलो होती.

"दिराला सांग, गणित शीक. तुझं लायसन्स चालतं. पण कॅराव्हॅन पंधराशेच्या वर भरलेली नको. ते मात्र खरं वजन. लाव काट्यावर."

कॅराव्हॅन सोडवून, पुढच्या छोट्या चाकावर टेकवून, ती एकटी काट्यावर उभी केली. मोटार बाहेर गेली.

"सगळे उतरले का?"

"कोण सगळे? मी एकटीच आहे," हिलिग्ये म्हणाली.

आकडा आला पंधराशे चाळीस.

"काय भरलंयस, विटा?"

"उशा, भांडी, मंडप, खुर्च्या. चौदाशे साठच्या वर जायला नको. लॅमर्टनं यादी करून ठेवलीय, प्रत्येक वस्तूपुढे वजन लिहून."

तिने मंडप उतरवला. तो तीस किलोंचा होता. आकडा पंधराशे चाळीस. तिने खुर्च्या, पाण्याचा कॅन आणि डबे मिळून आणखी चाळीस किलो उतरवले. आकडा पंधराशे चाळीस.

गॅरेल्टने काटा रिकामा करून पाहिला. शून्य आले. त्याने तपासणीची लोखंडी वजने ठेवून पाहिली. काटा एका किलोनेही चुकत नव्हता. कॅराव्हॅन पुन्हा आली आणि आकडाही पुन्हा तोच आला.

मग त्याने आपल्या खोलीतून घरगुती अंगतोलणीचा छोटा काटा आणि लाकडी ठोकळा आणला आणि ते कॅराव्हॅनच्या पुढच्या हुकाखाली ठेवले. त्या जागी पडणाऱ्या भाराला तिकडे नाकाचा भार म्हणतात. तो साठ-सत्तर किलो असावा लागतो. बारा भरला.

"सगळं ओझं मागं आहे," तो म्हणाला. "अशी घेऊन गेलीस तर ऐंशीच्या वेगाला मागचा भाग डोलायला लागेल, आणि मग तुझ्या हातात काही राहणार नाही. मागं काय आहे?"

"पलंग." ती म्हणाली, "नुसता पलंग. गादीसुद्धा घरी ठेवलीय."

"मी आत जाऊन बघतो. तू माझ्या खोलीच्या खिडकीशी उभी राहून आकडा मोठ्यानं वाच."

गॅरेल्टचे स्वतःचे वजन ब्याण्णव किलो होते. तो पायरी चढून आत गेला. आत स्वच्छ होते आणि बाहेरच्यापेक्षा गार होते. मागच्या पलंगावर उघड्या फळ्या होत्या. त्या फळ्या मधोमध खाली वाकलेल्या होत्या.

"किती?" त्याने विचारले.

"पंधराशे चाळीस," बाहेरून हिलिग्येचा आवाज आला. "गॅरेल्ट, तू आत गेलायस ना?"

आपण आत उभे आहोत आणि आपले वजन कोणीतरी मोजू देत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. तो घाईने बाहेर पडला नाही. घाई करणे त्याला असभ्यपणाचे वाटले. तो पाठ न वळवता पायरीपर्यंत आला आणि उतरला.

हिलिग्ये रडत नव्हती. ती घड्याळाकडे पाहत होती. दहा वाजून गेले होते आणि तिला तीनशे किलोमीटर जायचे होते.

"तू चौदाशे साठ लिही," ती हळूच म्हणाली. "लॅमर्टसाठी लिही. कोण बघतंय?"

"मी बघतोय. आणि डोलली तर मरशील तू." गॅरेल्टने टोपी काढून हातात घेतली. मघाशी आपण विचारलेल्या 'सगळे उतरले का?' या प्रश्नाला एकट्या हिलिग्येनेच उत्तर दिले होते, हे त्याला आता जाणवले. ज्याला विचारायला हवे होते त्याला त्याने विचारलेच नव्हते.

तो कॅराव्हॅनच्या उघड्या दारासमोर उभा राहिला. पोलिसाशी बोलावे तशा सरळ आवाजात तो म्हणाला, "लॅमर्ट, चालत्या कॅराव्हॅनमध्ये माणसानं बसायचं नसतं. कायदाच आहे तसा. तुला ठाऊक आहे. पुढं गाडीत जागा आहे, तिथं बस."

त्याने जाऊन मोटारीचे चालकाशेजारचे दार उघडले आणि बाजूला सरून वाट दिली. काही वेळ काहीच झाले नाही. मग कॅराव्हॅनचा मागचा भाग, टेकू काढावा तसा, चार बोटे वर आला.

खिडकीत आकडा होता तेराशे नव्वद. उतरवलेले सामान पुन्हा चढवले, तेव्हा चौदाशे साठ झाले. नाकाचा भार अडुसष्ट भरला. गॅरेल्टने ते सर्व लिहिले, शिक्का मारला आणि चिठ्ठी दिली. दोघांनी मिळून कॅराव्हॅन जोडली. शेजारचे दार त्याने आपल्या हाताने, सावकाश, लावले.

हिलिग्येने किल्ली फिरवली. लगेच गाडीत टिंग टिंग असा आवाज सुरू झाला आणि समोर लाल दिवा लागला. शेजारच्या आसनावर माणूस आहे आणि त्याने पट्टा बांधलेला नाही, असा त्या दिव्याचा अर्थ होता. आसन रिकामे दिसत होते.

हिलिग्येने वाकून पलीकडचा पट्टा ओढला आणि खटका लावला. आवाज बंद झाला.

"पोचले की फोन करते," ती म्हणाली.

"नव्वदच्या वर जाऊ नकोस."

"तू कशाला सांगतोस? आता रस्ताभर तेच ऐकायचंय मला."

गाडी फाटकाबाहेर गेली. कॅराव्हॅन तिच्यामागे सरळ, जराही न डोलता, चालली होती. गॅरेल्टने त्या दिवशी बारा वाजता पाव खाल्ला नाही.

साडेपाचला त्याच्या खोलीतील फोन वाजला. हिलिग्येच्या आवाजामागे समुद्राचा वारा ऐकू येत होता.

"पोचलो," ती म्हणाली. "जागा मिळाली आम्हाला."