भाऊजींचा गळ आणि बांधलेलं गाव

मासे पकडायला पाण्याची गरज नसते, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. ते म्हणजे तुमच्या आजोबांचे मावसभाऊ. मी त्यांना भाऊजी म्हणत असे. तेव्हा आम्ही चांद्याला होतो. तुम्ही नकाशात चंद्रपूर शोधा, तेच हे गाव. तलावावर एक दिवस गळ टाकायला जायचं, हा भाऊजींचा बेत आमच्या ओसरीवर दोन उन्हाळे चालला होता. तेवढ्या काळात तिथंच बसून त्यांनी इतके मरळ आणि रोहू पकडले, की ते खरे असते तर सारी पेठ जेवली असती.

कचेरी सुटली की ते येत, वाकडीतिकडी चप्पल दारात टाकत, बोट ओलं करून वारा पाहत आणि म्हणत, "आज वारा उगवतीचा आहे, वहिनी. आज मासा नाई लागत." मग चहा घेत. गळाच्या दोरीला तरंगायला मोरपिसाचा देठ बांधायचा असतो. त्या देठाची परीक्षा आमच्या न्हाणीघरातल्या घंगाळात होई आणि देठ पाण्यात सरळ उभा राहीपर्यंत मुलांच्या आंघोळी खोळंबत. आमिषाची कणीक माझ्याच डब्यातली. तिच्यात कधी हिंग, कधी गूळ, कधी सुकटीची पूड घालून ते आधी स्वतः चाखून पाहत. मी नाक मुरडलं तर म्हणत, "जे आपल्याले खाता येत नाई, ते माशाले काऊन द्याचं?" माशाला पावलं ऐकू येतात, म्हणून घरातल्या सर्वांनी हळू चालण्या-बोलण्याचा सराव करावा, असाही त्यांचा आग्रह होता. त्यांच्या आई, म्हणजे आमच्या मावशी, कानानं अधू. त्या साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "तुया मासा कुठी, तू कुठी. मले बोलू दे ना बाप्पा."

या साऱ्या खटाटोपाला त्या वर्षी मात्र एक कारण होतं. जिल्हा नव्या राज्यात जायचा होता, कचेरीत कागदांचे डोंगर झाले होते आणि तुमच्या आजोबांची झोप उडाली होती. जेवताना घास हातातच राही. त्यातच अमरावतीला बदली झाली. भाऊजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "दादा जायच्या आधी त्याले एक दिवस पाण्याकाठी बसवतो. नाई तं तो तिथी जाऊन पडंल आजारी." मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर तेव्हा मीही इतकी थकले होते, की कोणी काहीही म्हटलं असतं तरी हो म्हटलं असतं.

अडचण उपासांची होती. पकडलेला मासा घरी शिजायला हवा आणि घरात कोणाचा तरी उपास असला की चुलीवर मासा चढत नसे. माझा सोमवार, जाऊबाईंचा मंगळवार, भाऊजींचा स्वतःचा गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार आणखी कोणाचे, आणि सुट्टीचा रविवार नेमका मावशींचा. उरला बुधवार. बांधाबांधीसाठी म्हणून तुमच्या आजोबांनी मोठ्या कष्टानं बुधवारची अर्धी रजा काढली. दुपारी परत येऊन कचेरीत बसायचं, या अटीवर ते निघाले.

मूल गावाच्या वाटेवर सर्व्हिस मोटारीतून उतरून आम्ही तिघं चालत गेलो. सरळ रस्त्यानं गेलो तर पाण्यावर सावल्या पडतील आणि मासे सावध होतील, म्हणून भाऊजींनी आम्हाला धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे कोरड्या खाचरांमधून, काट्यांतून तलावाच्या मागच्या पाळीवर नेलं. त्यांनी गळ बाहेर काढला, तोच एक म्हातारा ढीवर हात वर करून धावत आला. त्या तलावात मासे धरणाऱ्यांचा तो वडीलधारा होता.

"भाऊ, ठेवा ते. आज गाव बांधला आहे."

पेरणीच्या आधी रोगराई बाहेर ठेवायला त्या बाजूला गाव बांधतात. सर्व वाटांवर कडुलिंबाच्या पाल्याच्या दोऱ्या लावतात आणि त्या दिवशी नांगर नाही, जाळं नाही, पाण्याला हात नाही. दोरी रस्त्यावर होती आणि आम्ही माशांना चुकवायला शेतांतून आलो होतो.

"मंग वापस जातो आमी," भाऊजी म्हणाले.

"आता कुठी जाता? आत आले ना? सांजची पूजा होयेपर्यंत कोनी बाहेर नाई जात."

तुमचे आजोबा चिडले. कचेरी, साहेब, कागद, सगळं त्यांनी म्हाताऱ्याला समजावून सांगितलं. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुमच्या सायबाले रोगराई चालते का?"

भाऊजी गळ गुंडाळत माझ्याकडे वळले. "साऱ्यायचे उपास पाह्यले, वहिनी. गावाचा राह्यला."

आम्ही मोहाच्या झाडाखाली बसलो आणि मी नेलेल्या दशम्या खाल्ल्या. तुमचे आजोबा थोडा वेळ येरझाऱ्या घालत राहिले, मग बसले, मग आडवे झाले. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. बऱ्याच महिन्यांनी मी त्यांचा श्वास संथ झालेला ऐकला. ऊन सरकलं तसे भाऊजी छत्री उघडून त्यांच्या उशाशी बसले आणि ऊन जिकडून येई तिकडे ती कलती करत राहिले. मी घेते म्हटलं तर नुसती मान हलवली. पाण्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

दिवस मावळताना म्हातारा सांगायला आला, की पूजा झाली, दोऱ्या सुटल्या, आता जा. भाऊजींनी ओठांवर बोट ठेवलं. ऊन केव्हाच गेलं होतं, तरी छत्री तशीच धरलेली होती.

"बाबा, जरा वेळ बांधूनच राहू द्या ना," ते हळूच म्हणाले.

म्हातारा झोपलेल्या माणसाकडे पाहत थोडा वेळ उभा राहिला आणि मग आमच्याजवळ खाली बसला. चांद्याकडे परतणारी शेवटची मोटार लांबून गेल्याचा आवाज आला. आमच्यापैकी कोणीच उठलं नाही.