हरसूलचे बाबा आणि एकवीस मनुका

हरसूलला कोणी बाबा नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणाला पत्ता शोधायचा मोह व्हायला नको. मागच्या चार वर्षांत निदान पन्नास माणसांनी माझ्याकडे त्या बाबांचा पत्ता मागितला आणि मी प्रत्येकाला सांगितलं, की बाबांना प्रसिद्धी आवडत नाही. तेवढं तरी खरं होतं. जो माणूसच नाही, त्याला प्रसिद्धी कशी आवडणार?

मी तीस वर्षं दारू प्यायलो. नोकरीत असताना संध्याकाळी, निवृत्त झाल्यावर सकाळपासून. एका दुपारी मी आमच्या सोसायटीच्या जनरेटरला नमस्कार केला आणि त्याच्या मुलांची चौकशी केली. वॉचमनने मला हाताला धरून घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी मी माझ्या जुन्या ऑफिसातल्या मित्राला फोन केला. तो हरसूलचा, तिकडेच भात आणि नागली करतो. तो पहिल्या एसटीने आला आणि नाशिकमधल्याच एका दवाखान्याच्या व्यसनमुक्ती वॉर्डात मला भरती करून, कागदावर सही करून गेला. बायकोला सांगितलं, हवापालटासाठी दहा दिवस हरसूलला जातोय. वॉर्डाचं नाव काढलं असतं तर आमच्या नात्यागोत्यात मी कायमचा वेडा ठरलो असतो. दारुडा चालतो, वेडा चालत नाही.

वॉर्डात मला इंजेक्शनं दिली, जीवनसत्त्वांची सलाइनं लावली, गोळ्या दिल्या आणि वेळेवर जेवू घातलं. डॉक्टरबाई रोज एक वाक्य सांगायच्या: "काका, रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करायची नसते. फिट येते, माणूस जातो." हे वाक्य मला पाठ होतं. पुढच्या सगळ्या गोष्टीत ते मला पाठ होतं, हे लक्षात ठेवा.

घरी आलो तेव्हा गाल वर आले होते. सोबत मला न्यायला आलेल्या मित्राने दिलेलं पाच किलो नागलीचं पीठ होतं. बायकोने पिशवी पाहिली, मला पाहिलं.

"काय दिलं हो तिकडे तुम्हाला?"

"नागलीची आंबील."

"नुसती आंबील?"

"एक बाबा आहेत तिथे. ते देतात."

एवढंच बोललो होतो. पण आमच्या घरात कोणतीही पाककृती प्रमाणाशिवाय ऐकून घेतली जात नाही. आंबील कधी घ्यायची? उजाडताना. कशात? मातीच्या भांड्यात. सोबत काय? मनुका. काळ्या की पिवळ्या? काळ्या. भिजवून? हो. किती? एकवीस. मग मोड आलेली मटकी आली, हुलग्याचं कढण आलं, बीट आलं. गवार वर्ज्य झाली, कारण मला गवार आवडत नाही. पुढे आमच्या भागातल्या कितीतरी लोकांनी दारू सोडण्यासाठी गवार सोडली. दारू कितीजणांनी सोडली, ते मला माहीत नाही.

दवाखान्याच्या गोळ्या मी टॉर्चमध्ये सेलच्या जागी ठेवायचो. वीज गेली की म्हणायचो, सेल संपलेत. बायको सेल आणायची. एक वेळ अशी आली की घरात दोन डझन सेल होते आणि उजेड नव्हता.

मी पिणं सोडलं ते टिकलं, आणि त्याचं श्रेय बायकोच्या स्वयंपाकघराला मिळालं. सोसायटीने माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि गेटवर फ्लेक्स. फोटो पुतण्याच्या लग्नातला होता. शेजारचा माणूस कापला होता, पण त्याचा हात माझ्या खांद्यावर राहिला होता. लोक म्हणाले, तो बाबांचा हात आहे.

मग माणसं यायला लागली. बायको त्यांना आंबील शिकवायची, आणि अडलं की मला हाक मारायची. "अहो, भेंडी चालेल का?" मी म्हणायचो, बाबांना विचारून सांगतो. फोन घेऊन गच्चीवर जायचो, पाण्याच्या टाकीभोवती दहा मिनिटं फिरायचो आणि खाली येऊन सांगायचो, "चालेल, पण बुळबुळीत नको." हरसूलच्या मित्राच्या कानावर हे गेलं तेव्हा तो म्हणाला, "अरे, आमची माणसं जन्मभर नागली खातात. तिने दारू सुटली असती तर आमच्या पाड्यात कोणी प्यालंच नसतं. आमच्या नावावर काय काय खपवतोस?" मी हसलो. तेव्हा मला ते विनोदी वाटत होतं.

गेल्या वर्षी माझी मेहुणी तिच्या नवऱ्याला घेऊन आली. माझा साडू चांदवडकडचा, कांद्याची शेती. धिप्पाड माणूस, सकाळी डोळे उघडायच्या आत पिणारा. मेहुणीने त्याची पिशवी आमच्या हॉलमध्ये ठेवली आणि हात झटकले. "दाजी, आता हे तुमच्या बाबांच्या हवाली."

बायकोने त्याच्या खिशातली बाटली मोरीत ओतली. "आजपासून थेंब नाही." मी समोर बसलो होतो. पेपर वाचत होतो.

पहिल्या दिवशी साडू थट्टेत होता. "साडूभाऊ, खरं सांग, आंबिलीत काय टाकतो रे तो म्हातारा? लय माणसं लायनीवर आनली म्हनं." दुसऱ्या दिवशी त्याचे हात इतके थरथरायला लागले की आंबील ओठापर्यंत पोचेना. घामाने बनियन भिजलं. आंबील शिकायला आलेल्या दोन बायका त्याच्याकडे कौतुकाने पाहत होत्या. "विष बाहेर पडतंय बघा," एक म्हणाली. बायको मात्र घाबरली होती. "अहो, बाबांना विचारा ना, असं होतं का?"

आणि मी गच्चीवर गेलो. मला डॉक्टरबाईंचं वाक्य आठवत नव्हतं असं नाही. शब्दन् शब्द आठवत होतं. मी फोन कानाला लावला, टाकीभोवती फिरलो, दहा मिनिटं झाल्यावर खाली आलो आणि सांगितलं, "होतं असं. उद्या उतरेल."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो. प्यालेला असताना तर रोजच. पण हे मी शुद्धीत बोललो.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडू सोफ्यावर चढून उभा राहिला आणि त्याने लिलाव सुरू केला. आमच्या सोफ्याच्या उशा तो कांद्याच्या गोण्या समजून एकेक उचलायचा, हुंगायचा, "माल वल्ला हाय, पर रंग बघा रंग!" म्हणायचा. मेहुणी रडत होती. बायको त्याला म्हणाली, "भाऊ, खाली उतरा हो." तो तिच्याकडे बोट करून ओरडला, "बाईंची बोली आली! आनखी कोन?" मला हसू आलं. खरंच आलं. मग तो ताठ झाला आणि टीपॉयवर कोसळला. तोंडाला फेस, जीभ चावलेली, उजवा खांदा निखळलेला.

त्याला कोणत्या दवाखान्यात न्यायचं ते मी रिक्षावाल्याला न अडखळता सांगितलं. वॉर्डात त्याच डॉक्टरबाई होत्या. त्यांनी मला ओळखलं, आणि ओळख दाखवली नाही. पेशंटची गोष्ट त्या कोणाला सांगत नाहीत. साडूला वाचवता वाचवता एवढंच म्हणाल्या, "एकदम बंद कोणी करायला लावली?"

साडू वाचला. खांदा काही नीट झाला नाही, उजवा हात आता वर जात नाही. घरी जाताना मेहुणी म्हणाली, "बाबांची आंबील पोटात व्हती म्हनून निभावलं, दाजी." मी मान डोलावली.

हे असंच मिटलं असतं. पण गेल्या महिन्यात येवल्याहून एका बाईचा फोन आला. नवरा पैठणी विणतो, पिऊन हात कापतात, धागा धरवत नाही. बायको तिला सांगत होती, "आजच बंद करा, सोमवारी घेऊन या." मी तिच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. मग बायकोला सगळं सांगितलं. वॉर्ड, टॉर्च, गच्ची.

ती मनुका निवडत होती.

"एकवीसच का?"

"तू किती म्हणून विचारलंस. तोंडाला आलं ते बोललो."

"आणि गवार?"

"मला आवडत नाही."

"चार वर्षं मी त्या माणसाला रोज सकाळी हात जोडते," ती म्हणाली. मग म्हणाली, "माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या खांद्याचं काय?" नंतर तिने येवल्याचा नंबर लावला आणि फोन माझ्यासमोर धरला. "आता तुम्ही सांगा."

मी त्या बाईला सांगितलं, बाबा नाहीत, मी खोटं बोलत आलो, नवऱ्याला दवाखान्यात न्या.

"असू द्या," ती समजूतदारपणे म्हणाली. "त्येंनी नाव घ्यायचं नाय सांगितलं असंल. दवाखान्यात मी नाय नेत. लोक येडा म्हनतील त्याला. आजपासून बंद करते, तुम्ही फकस्त आंबील सांगा."

दहा मिनिटं मी समजावत होतो. ती बाबांवरून हटेना, आणि दारू आजच बंद करायला निघाली होती. शेवटी मी घसा खाकरून म्हणालो, "बाबांचा निरोप आहे. लगेच बंद करू नका. सोमवारी नाशिकच्या दवाखान्यात आणा. बाबांची आज्ञा आहे."

"मंग आनते," ती म्हणाली.

बायको माझ्याकडे बघत होती. त्या दिवसापासून आठवडाभर घरात गवारीची भाजी झाली. मी खाल्ली.

सोमवारी आम्ही दोघं स्टँडवर गेलो आणि त्या नवराबायकोला घेऊन दवाखान्यात पोचलो. विणकर अंग चोरून चालत होता, हात खिशात लपवून. बाईने ओपीडीच्या दाराबाहेर चपला काढल्या आणि डॉक्टरबाईंना वाकून नमस्कार केला. खिडकीतला कारकून फॉर्म भरत होता. नाव, वय, किती वर्षांपासून पितात. मग त्याने विचारलं, "इथे कोणी पाठवलं?"

"हरसूलच्या बाबांनी," बाई म्हणाली.

कारकुनाने ते लिहायला घेतलं. रांगेत मागे वीसएक माणसं होती, त्यातले दोघे आमच्या सोसायटीतले. बायको माझ्या शेजारी उभी होती.

"खोडा ते," मी म्हणालो, आणि त्याला माझं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, मागच्यांना ऐकू जाईल असं. "आणि पुढे कंसात लिहा, जुना पेशंट. याच वॉर्डातला."