दिवेलागणीचा शब्द

महिपतराव इंगळे नोकरीत होते तोवर त्यांच्या टोपीवरचा बिल्ला दोनदा बदलला. उभं राहायची जागा एकदाही बदलली नाही. सतराव्या वर्षी ते ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेत भरती झाले आणि खजिन्याच्या फाटकावर पहाऱ्याला लागले. वर्षभरात संस्थान विलीन झालं, मध्य भारत आलं, नवा बिल्ला मिळाला. पुढे मध्य भारतही गेलं, मध्य प्रदेश आला, आणखी एक बिल्ला मिळाला. फाटक तेच, आणि ते ओलांडायची रीतही तीच. अंधार पडल्यावर येणाऱ्याने परवलीचा शब्द सांगायचा. शब्द रोज संध्याकाळी बदलायचा, तोंडी सांगायचा, कागदावर लिहायचा नाही. कालचा शब्द आज मेलेला.

हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर बरीच वर्षं महिपतरावांना पहारा देण्यासारखं काही सापडलं नाही. हरिशंकरपुरममधल्या घराला फाटक होतं, पण त्यातून दूधवाला आणि गायी सोडून कोणी येत नसे. मग त्यांच्या मुलाने, सूर्याजीने, नया बाज़ारातल्या एका दुकानातून कॉम्प्युटर आणला.

दुकानाचा मेकॅनिक तो जोडायला आला तेव्हा महिपतराव आरामखुर्चीत पेपर वाचत होते. मेकॅनिकने पडद्यावरची एक लहान चौकट दाखवून ‘पासवर्ड’ म्हटल्यावर पेपर खाली आला.

"ही काय भानगड आहे?"

"दादाजी, जब तक सही शब्द नहीं डालोगे, ये अंदर नहीं जाने देगा."

"म्हणजे पहारेकरी आहे!" महिपतराव उठून उभे राहिले. "शब्द किती दिवसांनी बदलता?"

"मर्जी आपकी. लोग तो सालों नहीं बदलते."

पहाऱ्यावर झोपलेल्या शिपायाकडे बघावं तसं महिपतरावांनी त्याच्याकडे बघितलं आणि त्याच संध्याकाळी कॉम्प्युटरचा ताबा घेतला.

पद्धत अशी ठरली. दिवेलागणीला लीलाताई, म्हणजे महिपतरावांच्या पत्नी, देवापाशी दिवा लावत. दिवा लागला की महिपतराव कॉम्प्युटरसमोर बसून एका बोटाने शब्द बदलत. यंत्र आधी जुना शब्द विचारी, मग नवा, मग नवा पुन्हा एकदा. हे दोनदा विचारणं महिपतरावांना फार पसंत होतं. "कुणीतरी शिकवून ठेवलंय याला," असं ते म्हणत. अक्षरांच्या जागी पडद्यावर नुसत्या चांदण्या उमटत, तेही त्यांना आवडे. मग ते खुर्ची वळवून हजर असलेल्यांना शब्द सांगत. एकदाच. घरातल्या माणसाचं नाव कधी शब्द होत नसे, कारण "चोर पहिल्यांदा बायकोचं नाव घेऊन बघतो". एक दिवस ‘भोपळा’, एक दिवस ‘तोफ’, एक दिवस ‘पानिपत’. जो दिवेलागणीला घरी नाही, त्याला त्या दिवशी कॉम्प्युटर नाही.

नात शरयू कॉलेजात होती. तिने पहिल्याच आठवड्यात कुरकुर केली.

"आबा, दुनिया में कोणीच रोज पासवर्ड बदलत नाही."

"दुनियेत चोऱ्याही होतात."

"आपल्या कॉम्प्युटरमध्ये चोरायला आहे काय? माझे केमिस्ट्रीचे नोट्स?"

"खजिन्यात काय आहे हे मी तीस वर्षांत कधी विचारलं नाही," महिपतराव म्हणाले. "शब्द सांग, नाहीतर माघारी जा."

शरयू माघारी गेली आणि दोनच दिवसांनी तिला वेगळी वाट सापडली. त्या काळच्या घरगुती कॉम्प्युटरचा हा पासवर्ड दिसायला कडक, पण आतून फार सौम्य होता. चौकट समोर आली की कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातलं एस्केपचं बटण दाबायचं. चौकट नाहीशी होई आणि सगळं उघडं. शब्दाची गरजच नव्हती. शरयूने हे आईला दाखवलं, आईने सूर्याजीला. लीलाताईंनी कोणी न दाखवता पाहून ठेवलं. दुपारी महिपतराव आडवे झाले की त्या ते बटण दाबून पत्ते खेळत.

महिपतरावांना मात्र हे कोणी सांगितलं नाही. तसा हुकूम शरयूच्या आईचा, सुधाताईंचा होता. पासवर्डशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. पण कॉम्प्युटर येण्यापूर्वी सूर्याजी ऑफिस सुटल्यावर फूलबागेजवळ मित्रांबरोबर रेंगाळत असे, शरयूची मोपेड कुठे असे ते मोपेडलाच ठाऊक, आणि पोळ्या झाकून ठेवाव्या लागत. आता सगळे दिवेलागणीला शब्द घ्यायला हजर होत आणि तिथूनच जेवायला बसत. "आबासाहेबांना कळलं तर ते पहारा सोडतील," सुधाताईंनी बजावलं होतं, "आणि मग तुम्ही दोघं पुन्हा उंडारायला मोकळे."

असं वर्षभर चाललं. मग राज्य पुन्हा एकदा मोडलं.

छत्तीसगढ वेगळं झालं आणि सरकारी नोकरांची वाटणी सुरू झाली. सूर्याजी एका सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होता. दोन हजार एकच्या उन्हाळ्यात कच्ची यादी लागली आणि त्याचं नाव रायपूरच्या बाजूला निघालं. हरकत घ्यायला मुदत होती. सूर्याजीने सुटीच्या दिवशी दार लावून हिंदीत अर्ज टाइप केला आणि कोणाला वाचायला दिला नाही. त्या आठवड्यात घरात रायपूरचं नाव कोणी काढेना. "तिकडचं काय झालं?" "तिकडे ऊन जास्त असतं म्हणे." एवढंच.

मुदतीच्या आदल्या संध्याकाळी महिपतरावांनी नेहमीप्रमाणे शब्द बदलला. शेवटची चांदणी उमटली, यंत्राने शब्द बदलल्याचं कळवलं, आणि वीज गेली. त्या उन्हाळ्यात वीज जाण्याला ग्वाल्हेरमध्ये बातमीची किंमत नव्हती. शरयूने मेणबत्ती आणली.

"शब्द, आबा?"

"अंधारात कोण ऐकतंय कळत नाही. सकाळी."

सकाळी दहाला वीज आली. ती बाराला पुन्हा जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. ऑफिसातला बाबू हरकतींचा गठ्ठा घेऊन दुपारच्या गाडीने भोपाळला निघणार होता. अर्ज फ्लॉपीत घ्यायचा, नया बाज़ारातल्या दुकानात छापायचा, ऑफिसात पोचवायचा. सूर्याजी फ्लॉपी घेऊन कॉम्प्युटरपाशी आला. महिपतराव आधीच खुर्चीत बसले होते.

"आबासाहेब, शब्द."

महिपतरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"आबासाहेब?"

"थांब. येतोय."

शब्द आला नाही. त्यांनी ‘तोफ’ लिहून पाहिलं. यंत्राने टुंग असा आवाज करून नकार दिला. ‘भोपळा’, टुंग. ‘पानिपत’, टुंग. महिपतरावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. तीस वर्षांच्या नोकरीत शब्द विसरलेले शिपाई त्यांनी पाहिले होते, आणि त्यांचं पुढे काय झालं तेही.

त्यांच्या खुर्चीमागे चार माणसं उभी होती. चौघांनाही डाव्या कोपऱ्यातलं बटण दिसत होतं. महिपतराव पाच मिनिटं उठले असते तर काम झालं असतं.

"आबा, फाटकावर पोस्टमन आलाय. दस्तखत मागतोय," शरयू म्हणाली.

"थांबव त्याला."

"आबासाहेब, चहा बाहेर व्हरांड्यात ठेवलाय," सुधाताई म्हणाल्या.

"गार होऊ दे."

"अहो, गाय शिरलीय बागेत!" लीलाताई म्हणाल्या. "तुळस खातेय!"

"तू हाकल. मी शब्द हरवलाय. शब्द हरवल्यावर पहारा सोडत नसतात."

"मग आणखी कधी सोडायचा?" लीलाताई वैतागल्या. "साडेअकरा झाले. पोराला काय रायपूरला पाठवायचंय?"

आठवड्यात पहिल्यांदाच ते नाव घरात मोठ्याने घेतलं गेलं. महिपतराव चमकून त्यांच्याकडे वळले. ओठ हलले, पण बाहेर काही आलं नाही. त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

सूर्याजीने घड्याळाकडे पाहिलं, मग सुधाताईंकडे. सुधाताईंनी मान हलवली: नाही. सूर्याजीने हात पुढे केला, बापाच्या खांद्यावरून, कीबोर्डच्या दिशेने, आणि अर्ध्यावर मागे घेतला.

महिपतरावांनी तो हात पाहिला. ते उठले, शर्ट खाली ओढला, आणि कॉम्प्युटरकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"दाबा," ते म्हणाले.

कोणी हललं नाही.

"डाव्या कोपऱ्यातलं. वरचं. दाबा, लाईट जाईल."

"आबा, आपको पता था?" शरयू किंचाळली.

"तुझी आजी रोज दुपारी पत्ते खेळते. मी डोळे मिटून पडतो, कान मिटून नाही." महिपतराव भिंतीशीच बोलत होते. "आमच्या बराकीच्या मागच्या भिंतीला भगदाड होतं. मेळा भरला की निम्मी पलटण त्यातून जाई. पहाऱ्यावरच्याने त्या वेळी पाठ करून उभं राहायचं असतं. भगदाड बुजवायला गेलं, तर लोक भिंत पाडतात."

"आणि मग रोज संध्याकाळी शब्द कशाला सांगत होता?" लीलाताईंनी विचारलं. पत्त्यांचा उल्लेख त्यांना झोंबला होता.

"तुम्ही कशाला ऐकत होता?"

सूर्याजीने बटण दाबलं. चौकट गेली. त्याने अर्ज उघडला, फ्लॉपी आत सारली, आणि यंत्र घरघरायला लागलं. ते घरघरत असतानाच महिपतराव वळले. त्यांचा चष्मा डोळ्यांवरच होता.

सूर्याजी पडद्याच्या आड उभा राहायला गेला, पण उशीर झाला होता. महिपतरावांनी त्याला हाताने बाजूला केलं आणि मोठ्याने वाचलं, शाळेत वाचतात तसं: "प्रार्थी के वृद्ध पिता की स्मरणशक्ति क्षीण हो चुकी है तथा वे पूर्णतः प्रार्थी पर आश्रित हैं."

घरघर थांबली. सूर्याजी फ्लॉपीकडे बघत राहिला.

"आबासाहेब, असं लिहावं लागतं. सगळेच लिहितात. मी खोडतो हवं तर."

"तू लिहिलंस त्या दिवशी ते खोटं होतं," महिपतराव म्हणाले. "आज खरं आहे. राहू दे."

त्यांनी पुढची ओळ वाचायला घेतली आणि मध्येच थांबले. ओळीच्या मधोमध, जिथे बदलीचं ठिकाण लिहिलं होतं, तिथे त्यांनी काचेवर बोट टेकवलं.

"हाच."

"काय हाच?"

"कालचा शब्द. रायपूर."

"हे भगवान," शरयू म्हणाली. "आबा, ये तो किसी को नहीं सूझता."

"म्हणूनच ठेवला होता. घरात कोणी त्याचं नाव घेत नव्हतं."

"आत्ता मी घेतलं की!" लीलाताई म्हणाल्या. "तुमच्या तोंडावर घेतलं."

"तेव्हा आलाच होता," महिपतराव म्हणाले. "ओठापर्यंत."

सूर्याजी फ्लॉपी खिशात घालून धावत सुटला. टेंपोत दोन्ही पाय आत घ्यायला जागा नव्हती. एक बाहेर ठेवून तो नया बाज़ारात पोचला. कागद छापून झाला आणि दुकानातली वीज गेली. बाबू ऑफिसच्या पायऱ्या उतरत होता. त्याने अर्ज गठ्ठ्यात खोचला आणि दोरी पुन्हा बांधली.

संध्याकाळी लीलाताईंनी दिवा लावला. महिपतराव कॉम्प्युटरसमोर बसले. यंत्राने जुना शब्द विचारला, त्यांनी तो दिला. नवा विचारला, पुन्हा नवा विचारला. मग त्यांनी खुर्ची वळवली. बटणाचं गुपित आता गुपित उरलं नव्हतं, तरी चौघं समोर उभी होती. शरयू सगळ्यांत पुढे.

अर्जाचं उत्तर आलं. प्रार्थीच्या अडचणीवर सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला होता. प्रार्थीची पत्नी व कन्या ग्वाल्हेर येथेच राहणार असल्याने वृद्ध पित्याची देखभाल होऊ शकते, असं आढळून आलं होतं. सूर्याजी दसऱ्यानंतर रायपूरला रुजू झाला. राज्य मोडलं की हलतं कोण, राज्य की नोकर, हा प्रश्न महिपतरावांनी एकदा जेवताना काढला. त्यांच्या वेळी राज्य त्यांच्याभोवती हललं, मुलाच्या वेळी मुलगा. मग त्यांनी आणखी आमटी मागितली.

सूर्याजी रायपूरहून आठवड्यातून एकदा फोन करी, दिवेलागणीला. आईशी बोले, सुधाताईंशी बोले, शरयूला अभ्यासाचं विचारी. शेवटी फोन महिपतरावांकडे जाई.

"आबासाहेब, आजचा शब्द काय?"

"तुला काय करायचाय? कॉम्प्युटर इथे आहे."

"सहज."

"फोनवर शब्द सांगत नसतात," महिपतराव म्हणत. "हजर हो, मग सांगतो."