खिळ्यावरचे तीन कप

पीएच.डी. करणाऱ्याचा प्रबंध पुढे सरकत नाही, किस्से मात्र आपोआप साठत जातात. हडपसरच्या आमच्या कंपनीत चार वाजता चहाचं मशीन घरघरायला लागलं, की मला विद्यापीठातली केमिस्ट्रीची लॅब आठवते. मशीनचा चहा गरम असतो, एवढंच त्याच्याबद्दल चांगलं बोलता येईल. कप कागदाचा. प्यायचा आणि फेकायचा!

आमचे कप भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेले असायचे. एक माझा, एक सुषमाचा, एक भंडाऱ्याहून आलेल्या मेश्रामचा. सुषमा सीनियर, म्हणून कायदे तिचे. चारला काम बंद. आणि चहा पिताना कोणी कोणाला थिसिसबद्दल विचारायचं नाही. जो विचारेल, तो सगळ्यांचे कप धुणार!

*

चहा बीकरमध्येच व्हायचा. तो बीकर वेगळा, त्यावर लाल रेघ. एकदा बाहेरगावचे एक बडे प्रोफेसर लॅब बघायला आले. उकळत्या बीकरपाशी वाकून त्यांनी गंभीरपणे विचारलं, "यात कॅटॅलिस्ट कोणता वापरलाय?"

मेश्राम म्हणाला, "आलं, सर."

प्रोफेसर दोन कप प्याले.

*

आमच्या गाईड करंदीकर मॅडम चहाला कधीच येत नसत. एकदा चुकून बरोबर चारला आत आल्या आणि म्हणाल्या, "मेश्राम, तिसरा चॅप्टर कुठपर्यंत आलाय?"

सुषमानं तिन्ही कप त्यांच्यापुढे ठेवले आणि कायदा सांगितला. मला वाटलं, संपलं, तिघांचीही पीएच.डी. गेली!

मॅडमनी पदर खोचला, कप धुतले, खिळ्यांना लावले. जाताना म्हणाल्या, "बेसिनपाशी साबण नाही. तुमच्या प्रयोगांचंही हेच होतं. पूर्वतयारी शून्य."

*

मेश्रामची आई एसटीडी बूथवरून डिपार्टमेंटला फोन करायची. शेजारचा पोरगा कॉम्प्युटरचा कोर्स करून नोकरीला लागलासुद्धा, आणि हा अजून शिकतोच आहे! एकदा फोन ठेवून मेश्राम आला आणि म्हणाला, "माय विचारते, 'अजून पास नाही झाला का बाप्पा तू?'"

आम्ही पोट धरून हसलो. तोही हसला. पण त्या दिवशी त्यानं चहा अर्धा टाकला.

*

मग मलाच सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली. निघताना कप पिशवीत घालायला लागलो, तर सुषमा ओरडली, "ए, कप राहू दे! ज्याला परत यायचं नाही, त्यानंच कप न्यायचा."

मी ठेवला. दर शनिवारी चारला जायचो. खरं सांगतो, पगारापेक्षा शनिवारची वाट जास्त बघायचो.

*

अशाच एका शनिवारी गेलो, तर मेश्रामचा खिळा रिकामा! फ्रीजमध्ये महिनोन्महिने जपलेले त्याचे स्फटिक वीज गेल्यामुळे विरघळले होते. तेही तिसऱ्यांदा.

सुषमा रडवेली झाली होती. "दुपारी बघितलं तर कप नाही. मॅडमना सांगितलं. त्यांनी पर्स घेतली आणि गेल्या."

रिक्षा करून आम्ही स्टेशन गाठलं. नागपूरकडची गाडी लागलेली. बाकावर मेश्राम, मांडीवर बॅग. आणि शेजारी करंदीकर मॅडम! त्यांच्या हातात स्टॉलवरचा ग्लास, मेश्रामच्या हातात त्याचा कप. दोघं चहा पीत होते.

"बसा," मॅडम आम्हाला म्हणाल्या. "चहाची वेळ आहे."

आम्ही बसलो. मला त्याला 'जाऊ नकोस' म्हणायचं होतं, पण मी स्वतःच गेलेला माणूस, कुठल्या तोंडानं म्हणणार? गाडीनं शिट्टी दिली. मेश्राम बॅग उचलून उभा राहिला.

तेव्हा मॅडमनी विचारलं, "मेश्राम, तिसरा चॅप्टर कुठपर्यंत आलाय?"

मेश्राम त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं बॅग खाली ठेवली आणि रिकामा कप त्यांच्यापुढे धरला.

मॅडमनी पर्समधून साबणाची वडी काढली, पदर खोचला आणि फलाटावरच्या नळाकडे निघाल्या.