बाईंचे चिंचोके

आमटीसाठी चिंच कोळताना बोटांना चिंचोका लागला की मला हडपसरच्या शाळेतला नववीचा वर्ग आठवतो.

विज्ञानाच्या बाईंनी टेबलावर एक काळा दगड ठेवला आणि शेजारी मूठभर फोडलेले चिंचोके ओतले. खेळात फाशांऐवजी घेतात तसे, एका बाजूने तपकिरी, दुसऱ्या बाजूने पांढरे. बाई ते उधळायच्या आणि पांढरे पडलेले बाजूला काढायच्या. दर खेपेला साधारण निम्मे उरायचे.

"किती गेले, किती उरले, यावरून किती वेळा उधळले ते कळतं ना? दगडातले काही अणू असेच ठरलेल्या गतीने बदलत जातात. ते मोजून त्याचं वय काढतात. हा सहा कोटी वर्षांहून मोठा आहे. तरी तुमच्यापेक्षा शांत बसतो."

वर्ग हसला. मी हसले नाही. त्याच महिन्यात माझी धाकटी बहीण तापाने गेली होती, आणि घरात सगळे आईलाच बोल लावत होते.

"बाई, आधी कोणता पांढरा पडणार हे कळतं का?" मी विचारलं.

बाईंना आमच्या घरचं सगळं ठाऊक होतं.

"नाही गं. सगळ्यांचं मिळून सांगता येतं, एकाचं नाही. आधी पडला त्यात त्याचा दोष नसतो. ज्या हातून पडला, त्या हाताचाही नसतो."

मला रागच आला. डोंगराचं वय सांगतं आणि आठ वर्षांच्या मुलीचं काही सांगत नाही, हे कसलं शास्त्र!

आज वाटतं, ते उत्तर बाईंनी मला घरी न्यायला दिलं होतं. आई पुढे चाळीस वर्षं जगली. मी तिला ते कधीच सांगितलं नाही.