रोजचा एक स्क्रू

रेडिओ दुरुस्तीत हयात घालवलेल्या काकांची मागची खोली भंगाराने गच्च भरली होती. ती रिकामी झाली की मेहुणा कायमचा राहायला येणार, हे कळल्यापासून काकांना आवराआवरीची भलतीच गोडी लागली. रोज सकाळी एकच वस्तू टाकायची, हा नेम त्यांनी कधी मोडला नाही. फक्त ती वस्तू म्हणजे एक स्क्रू असे.

“अहो, अशाने जन्म जाईल.”

“सवय महत्त्वाची, घाई नको.”

काकूंना ते चक्क पटलं. आठवड्याने काकांच्या लाडक्या सोफ्यावर परकी उशी दिसली.

“दादाची आहे,” काकू म्हणाल्या. “त्यालाही सांगितलंय, रोज एकेक वस्तू आणत जा. खोली रिकामी होईपर्यंत इथेच झोपेल. उद्या पांघरूण येतंय.”

काकांनी खिडकीतून भंगारवाल्याला हाक मारली.