दोन डब्यांतल्या बांगड्या

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चारात एक," आणि खरं सांगते, मी मनातल्या मनात हुश्श केलं. थोरल्या लेकीला जन्मापासून थॅलेसेमिया. दर महिन्याला विट्याहून सांगली गाठायची आणि तिला रक्त चढवायचं. आता मला पुन्हा दिवस गेले होते. चारातला एक आमच्या पदरात पडून झाला, म्हणजे पुढची तिघं ठणठणीत, असा माझा सरळ हिशेब. बाईंनी मान हलवली. "तसं नसतं ताई. प्रत्येक खेपेला नव्यानं चारात एक. पोटातल्या बाळाची तपासणी लगेच करून घ्या."

सासूबाई तपासणीला ऐकेनात. सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्या. मामाची पोरगी सून करून आणायची आमच्याकडं रीतच, आणि आता ती माझ्या धाकट्या बहिणीलाही दिरासाठी मागत होती. नवरा सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या दुकानावर, कोईमतूरला. फोनवर म्हणाला, "आई म्हणेल तसं." असला संताप आला मला. आत्याचं एकच पालुपद, "येकदा भोगलं न्हवं? आता न्हाई हुयाचं. कशाला पोटात सुई खुपसून घेतीस?"

मग मी पोह्यांचा नि रव्याचा असे दोन डबे रिकामे केले. प्रत्येकात एक हिरवी, एक लाल बांगडी टाकली. "हा तुमच्या लेकाचा, हा माझा. लाल म्हणजे दोष. बाळाला दोन्ही डब्यांतनं एकेक जाते. एकच लाल गेली तर आमच्यासारखंच, काही त्रास नाही. दोन्ही लाल गेल्या की आजार. काढा न बघता."

आत्यानं डोळे मिटून हात घातले. लाल, लाल.

"ही आपली थोरली," ती म्हणाली. "झालं, संपलं."

मी बांगड्या जिथल्या तिथं टाकल्या, डबे हलवले. मला वाटलं होतं, तिला पटवायला संध्याकाळ जाईल. तिनं पुन्हा हात घातले. पुन्हा लाल, लाल. मीच हादरले. आत्या तर मुठीतल्या बांगड्या सोडेचना.

"तुज्या डब्यात लाल आली कुठनं?" तिनं विचारलं.

"बाबांकडनं."

"आन त्याच्या?"

मी गप्प बसायला हवं होतं. पण बोलून गेले, "तुमच्याकडनं."

"म्हंजी दोन्ही माज्याच म्हायेरच्या," ती म्हणाली, आणि भिंतीला टेकून बसली. सकाळी माझ्या आधी तीच एसटी स्टँडवर उभी होती.

रिपोर्ट आला. एकच लाल, बाळ आमच्यासारखं. मी दवाखान्यातल्या बाकड्यावरच रडायला लागले. आत्याच्या तोंडावर मात्र हसू नव्हतं.

"म्हंजी लाल अजून घरातच हाय," ती म्हणाली. तिनं माझ्या बाबांना फोन लावला. "दादा, धाकटीसाठी भाईरचं स्थळ बघ. आमच्यात नको देऊस."